बाळगुटीतील अतिविष : वैद्य आणि विक्रेते यांच्या विचारार्थ

खारी आणि एकूणच भाईंदर पूर्वेच्या भागात गावठाणातील घरे व नव्या इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि दोन्हीकडे बाळगुटीची सहाण अद्याप टिकून आहे. पुडीतील वेखंड, जायफळ, मुरुडशेंग बहुतेक आज्या नजरेने ओळखतात. अतिविष मात्र दुकानदाराच्या शब्दावर घेतले जाते. आमची चिंता याच मुळीपुरती आहे.

अतिविषा आणि वत्सनाभ (बचनाग) ही दोन्ही मोरवेल कुलातील, किंबहुना अ‍ॅकोनिटम या एकाच प्रजातीतील द्रव्ये होत. नावात विष असलेली अतिविषा व्यवहारात निर्विष. तिच्यात वत्सनाभाचे अ‍ॅकोनिटीन नाही. ‘शिशुभैषज्या’ हा तिचा पर्याय शास्त्रकारांनी उगीच दिलेला नाही. उलट अशुद्ध वत्सनाभाने प्रथम ओठ व जीभ बधिर होतात, मुंग्या येतात, वांती होते आणि मग हृदयाची गती बिघडते. त्यावर निश्चित असा प्रतिविषाचा उपाय आधुनिक वैद्यकातही नाही. रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे हेच हाती उरते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत सहाणेवरचे दोन वेढेही थोडे म्हणता येणार नाहीत.

अतिविषाची मुळी लहान, शंकूसारखी, बाहेरून राखाडी, मोडल्यास आत पिठूळ पांढरी व चवीला कडू. वत्सनाभ आकाराने मोठा व काळपट. अखंड मुळ्या समोर असताना जाणत्या विक्रेत्याची गफलत होणे कठीण. चूर्ण झाल्यावर मात्र डोळ्यांना काहीच कळत नाही. म्हणून गुटीसाठी अतिविष चूर्णरूपाने विकूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जीभ लावून परीक्षा करण्याची जुनी सवयही या द्रव्यांपुरती सोडावी.

दुसरा प्रश्न भावाचा. अतिविषा हिमालयाच्या उंच भागातून येते, बेसुमार उपटल्यामुळे दुर्मीळ झाली आहे, आणि तिचा किलोचा दर हजारांत असतो. परिणामी भेसळ होते. अतिविषेच्या अभावी मुस्ता घ्यावी, असे प्रतिनिधी द्रव्य ग्रंथांत सांगितले आहे. पण ती मुभा वैद्याला आहे, रुग्णाला न सांगता पुडी बांधणाऱ्याला नाही. शिवाय बालचतुर्भद्र चूर्णात मुस्ता आधीच आहे. तेथे अतिविषेच्या जागी पुन्हा नागरमोथाच घातला, तर चार द्रव्यांची तीन होतात आणि योगाचे नाव तेवढे शिल्लक राहते. (मूर्वा म्हणून मोरवेल विकण्याचा आपल्या महाराष्ट्रातील प्रघात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) अतिविषेला घुणवल्लभा असेही म्हणतात. किडीने पोखरलेली जुनी मुळी काढून टाकावी, ती पुडीत खपवू नये.

वत्सनाभ त्याज्य आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गोमूत्रात वा गोदुग्धात स्वेदन केल्याने अ‍ॅकोनिटीनचे विघटन होऊन त्याची तीव्रता पुष्कळ उतरते, हे आज रसायनशास्त्रही मान्य करते. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, संजीवनी वटी यांचे सामर्थ्य त्याच्यामुळेच आहे. म्हणूनच १९४५च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई(१)मध्ये वत्सनाभाचा समावेश आहे, आणि अशा पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. पण आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीला वेगळा परवाना लागत नाही. सर्दी झाली की त्रिभुवनकीर्तीची डबी कोणीही मागतो आणि कोणीही देतो. त्यातच ‘होमिओपॅथीत अ‍ॅकोनाइट लहान मुलांनाही देतात’ हा युक्तिवाद ऐकू येतो. तेथील तीस पोटन्सीच्या गोळीत मूळ द्रव्याचा कण उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. मूळ अर्काची गोष्ट निराळी. तिच्यावरून वत्सनाभाच्या कल्पांची निरुपद्रविता सिद्ध होत नाही.

विक्रेत्यांनी बचनाग कुलूपबंद कपाटात, ठळक नावाच्या बरणीत आणि गुटीच्या द्रव्यांपासून दूर ठेवावा. वैद्यांनी गुटी सुचविताना ‘गुटी आणा’ एवढेच न सांगता द्रव्यांची नावे लिहून द्यावीत आणि आणलेली पुडी उघडून पाहावी. त्यास दोन मिनिटे पुरतात.