परकी भाषा : कुणाला माफी, कुणाला परीक्षा?

मराठी मध्यमवर्ग अलीकडे मोठ्या हौसेने युरोपची वारी करतो. बरोबर मराठी बोलणारा सहलप्रमुख असतो, रात्री ताटात वरणभात असतो, आणि दहा दिवसांत पाच देश पालथे घालूनही जर्मन वा फ्रेंच भाषेचा एकही शब्द जिभेवर न घेता ही मंडळी परततात. पॅरिसच्या दुकानदाराला धड इंग्रजी येत नव्हते, ही तक्रार मात्र न विसरता करतात. ज्याच्या दारी पाहुणे म्हणून जावे त्याला निदान नमस्कार तरी त्याच्या भाषेत करावा, हे सौजन्य प्रवासखर्चाच्या हिशेबात बसत नाही. हा नुसता आळस असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु परकी भाषा न शिकण्याची ही मुभा जगात सर्वांना नाही. ती पैशाने आणि पारपत्राने मिळते.

जर्मनीचेच उदाहरण घ्यावे. पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार आणले. त्यांना 'पाहुणे कामगार' असे गोंडस नाव मिळाले. पाहुणा आज ना उद्या परत जाणार, असे गृहीत धरलेले असल्याने यंत्र चालविण्यापुरते शब्द आले की मालकांचे भागत होते. भाषावर्गाचा कायदेशीर हक्क स्थलांतरितांना मिळाला तो थेट २००५ साली. पन्नास वर्षे ज्यांच्या भाषाशिक्षणाची जबाबदारी राज्याने नीट उचलली नाही, त्यांनाच 'हे आमची भाषा शिकत नाहीत' असे हिणवले गेले.

२००७ साली तर भाषा हीच सीमेवरची चौकी झाली. जर्मनीत राहणाऱ्या नवऱ्याकडे जाऊ इच्छिणाऱ्या पत्नीने आपल्या देशातच प्राथमिक जर्मनची परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असा नियम आला. सक्तीच्या विवाहांना आळा बसावा, स्त्रीला नव्या समाजात मिसळता यावे, ही त्याची कारणे सांगण्यात आली. कारणे उदात्त आहेत. पण मग अमेरिकन वा जपानी कुटुंबाला ही अट का नाही? भारतीयांतही उच्चशिक्षितांचे 'ब्लू कार्ड' मिळालेल्या अभियंत्याच्या पत्नीला सूट, आणि उपाहारगृहात तंदूर सांभाळणाऱ्या आचाऱ्याच्या पत्नीला परीक्षा, हा कोणता न्याय? श्रीमंताचे अज्ञान ही सवय ठरते आणि गरिबाचे अज्ञान हा अपराध!

याचा अर्थ भाषा शिकू नये असा नव्हे. इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध आयुष्यभर झुंजलेले राममनोहर लोहिया विद्यार्थी म्हणून बर्लिनला गेले तेव्हा तेथील भाषा शिकले आणि १९३३ साली विद्या संपादून परतले. वर्चस्वाला नकार आणि माणसाच्या भाषेचा आदर या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. लोकांच्या भाषेत शिरल्याखेरीज परका समाज कळत नाही. इंग्रजीच्या खिडकीतून दिसतात ती फक्त हॉटेले आणि दुकाने.

हा दुटप्पीपणा परदेशापुरता नाही. २०२५ साली मुंबईजवळ मीरा रोड येथे मराठी बोलण्याच्या प्रश्नावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या मराठीवाचून राहणाऱ्या धनिकांच्या दारावर मात्र कुणाची थाप पडत नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण युरोपात चार शब्दांचेही कष्ट न घेणाऱ्याने घरी येऊन रिक्षावाल्याच्या उच्चारांची झडती घ्यावी, यात भाषाप्रेम कमी आणि दुर्बलावरचा रुबाबच अधिक.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. साहजिकच हा प्रश्न आता मराठी घरांच्या उंबऱ्याशी आला आहे. उद्या जर्मन रुग्णालयात राबणारी परिचारिका ती भाषा रात्री जागून शिकेल, कारण तिला गत्यंतर नाही. श्रम हवे असतील तर भाषा शिकविण्याचा खर्च आणि वेळ श्रम घेणाऱ्याने द्यावा, कामाच्या तासांत द्यावा, आणि शिकणे हा हक्क मानावा, उंबरठ्यावरचा अडसर नव्हे. हीच मागणी महाराष्ट्रात पोटासाठी आलेल्या परप्रांतीय कामगारासाठी मराठीच्या वर्गांची करावयास हवी. जी भाषा प्रेमाने शिकविण्याची तयारी नाही, ती धाकाने मागण्याचा अधिकार ना बर्लिनला आहे, ना मुंबईला.