प्रोपोलिस: मधमाश्यांचा 'डिंक' दात आणि हिरड्या खरंच वाचवतो का?

तोंड आलंय? प्रोपोलिस लावा. हिरड्या सुजल्यात? प्रोपोलिसची टूथपेस्ट घ्या. रील्समध्ये सध्या असे सल्ले सर्रास दिसतात. त्यात तथ्य किती?

प्रोपोलिस म्हणजे काय?

मधमाश्या झाडांच्या कळ्या आणि सालीवरचा चिकट राळेसारखा पदार्थ गोळा करतात. त्यात मेण मिसळून पोळ्यातल्या फटी बुजवतात. पोळ्यात शिरून मेलेला उंदीर बाहेर काढता आला नाही, तर त्यालाही त्या प्रोपोलिसने लिंपून टाकतात. त्यामुळे तो कुजत नाही.

एक गंमत म्हणजे, आपल्याकडची सातेरी मधमाशी प्रोपोलिस जवळपास वापरतच नाही. ते मिळतं युरोपियन मेलिफेरा आणि डंख नसलेल्या छोट्या माश्यांकडून. 'सातेरीचं अस्सल प्रोपोलिस' असं कोणी विकत असेल, तर आधी प्रश्न विचारा.

दातांना फायदा होतो का?

दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स या जिवाणूची वाढ प्रोपोलिस रोखतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. प्रोपोलिसच्या माउथवॉशमुळे दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी झाल्याचंही काही चाचण्यांत आढळलं. पण यातल्या बऱ्याच चाचण्या छोट्या आणि कमी काळाच्या आहेत. पडलेली कीड मात्र कुठल्याच प्रोपोलिसने भरत नाही.

मग अडचण कुठे आहे?

प्रोपोलिस सगळीकडे सारखं नसतं. युरोपात ते मुख्यतः पॉप्लर झाडापासून बनतं, तर ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस बॅकॅरिस या झुडपापासून. झाड बदललं की त्यातली रसायनंही बदलतात. म्हणजे एका प्रकारावरचा अभ्यास दुसऱ्या बाटलीला लागू होईलच असं नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये प्रोपोलिसचे आरोग्यविषयक दावे मान्य केले नाहीत, त्यामागेही हेच कारण होतं: पदार्थाचं नेमकं स्वरूपच पुरेसं स्पष्ट नव्हतं.

काळजी कोणी घ्यावी?

मध, परागकण किंवा मधमाशीच्या डंखाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. ओठांवर पुरळ, तोंडात जळजळ असे त्रास होऊ शकतात.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे आणि तंबाखू हे त्याचं प्रमुख कारण. दोन आठवड्यांत बरा न झालेला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा यावर थेंब टाकत बसलात, तर तपासणीचे मोलाचे दिवस हातचे जातात. अशा वेळी बाटली बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरांकडे जा.