न्यू लंडनची घरे न्यायालयाने नव्हे, नगरपरिषदेने गमावली

१/ 'केलो विरुद्ध न्यू लंडन शहर' हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा २००५ सालचा गाजलेला निकाल. एका वस्तीतील घरे सक्तीने घेऊन खासगी विकासकाला देण्यास त्याने मान्यता दिली, म्हणून आजही न्यायालयाला दोष दिला जातो. हा दोष अर्धाच खरा आहे. घरांचे भवितव्य पाच वर्षे आधी, नगरपरिषदेच्या सभागृहात ठरले होते. त्या सभागृहाविषयी हा धागा. 🧵

२/ आधी पार्श्वभूमी. न्यू लंडन हे कनेक्टिकट राज्यातील जुने बंदर. एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीवर ते श्रीमंत झाले, विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र खंगले. १९९० मध्ये राज्याने त्याची गणना 'विपन्न नगरां'त केली. १९९६ मध्ये फोर्ट ट्रम्बुल भागातील नौदलाचे संशोधन केंद्र बंद झाले आणि दीड हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या.

३/ फेब्रुवारी १९९८ मध्ये फायझर या औषध कंपनीने फोर्ट ट्रम्बुललगत ३० कोटी डॉलरचे संशोधन केंद्र उभारण्याची घोषणा केली. बुडत्याला काडीचा आधार मिळाला. शेजारच्या ९० एकरांत हॉटेल, नवी घरे, कार्यालये, किनाऱ्यावर फिरण्याची वाट. हजारावर रोजगार, वाढीव कर आणि मध्यवर्ती शहराला नवजीवन, असा आराखडा तयार झाला.

४/ जानेवारी २००० मध्ये नगरपरिषदेने तो मंजूर केला. त्याचबरोबर 'न्यू लंडन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' या खासगी, ना-नफा संस्थेला शहराचा विकास-अभिकर्ता नेमले आणि शहराच्या नावाने सक्तीचे भूसंपादन करण्याचा अधिकारही देऊन टाकला. लोकांनी निवडून न दिलेल्या संस्थेच्या हाती राजसत्तेचे सर्वांत धारदार शस्त्र गेले.

५/ हवालीची दुसरी पायरी पुढे आली. त्या संस्थेने अर्जदारांतून कॉरकोरन जेनिसन हा एक विकासक निवडला आणि त्याच्याशी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची बोलणी सुरू केली. प्रस्तावित भाडे होते वर्षाला एक डॉलर. परिषदेने संस्थेवर विसंबावे, संस्थेने विकासकावर, विकासकाने कर्ज देणाऱ्यावर; आणि या साखळीच्या तळाशी रहिवाशांची घरे.

६/ ती घरे कोणाची होती? सुझेट केलो यांनी आपले घर १९९७ मध्ये घेतले होते. विल्हेल्मिना डेरी यांचा जन्मच त्यांच्या घरात १९१८ साली झाला होता आणि सारे आयुष्य तिथेच गेले होते. नऊ दावेदारांच्या पंधरा मालमत्तांपैकी एकही मोडकळीस आल्याचा आरोप शहरानेही केला नव्हता. त्या आराखड्याच्या रेषेत आल्या, एवढाच त्यांचा अपराध.

७/ २३ जून २००५ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी शहर जिंकले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या बहुमताच्या निकालाचा गाभा असा : आर्थिक विकास हेही 'सार्वजनिक प्रयोजन' ठरू शकते, आराखडा शहाणपणाचा आहे की नाही हे लोकप्रतिनिधींनी ठरवावे, राज्यांना अधिक कडक बंधने घालायची असतील तर ती मोकळी आहेत.

८/ याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. न्यायालयाने परिषदेच्या विवेकावर भिस्त ठेवली, आणि परिषदेने तो विवेक आधीच एका संस्थेकडे गहाण टाकला होता. प्रत्येकाने निर्णय दुसऱ्यावर सोपवला. जबाबदारी कोणाचीच उरली नाही. घरे मात्र गेली.

९/ पुढे काय झाले? विकासकाला मुदतवाढ मिळूनही पैसा उभा करता आला नाही. २००८ मध्ये करार संपला. नोव्हेंबर २००९ मध्ये, करसवलतीची मुदत सरत आली असताना, फायझरने न्यू लंडन सोडण्याची घोषणा केली. घरे पाडलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षे गवत माजले. २०११ च्या आयरीन वादळानंतर तिथे मोडलेल्या झाडांचा कचरा टाकला गेला.

१०/ "हे फक्त दुर्दैव," असे समर्थक म्हणतात. मंदी आली हे खरेच. पण मंदीचा फटका सोसण्याचा भार कोणावर ठेवला होता, हा प्रश्न करारनाम्याचा आहे. विकासक निघून गेला, कंपनी नदीपलीकडे गेली; शहर आपली जमीन उचलून कुठे जाणार?

११/ त्यांचा दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे : एकाधिकाराची हमी नसेल तर सर्वेक्षण आणि नकाशांवर कोणता विकासक खर्च करील? मान्य. म्हणून हमी द्यावी, पण काही महिन्यांची, अनामत रक्कम घेऊन, टप्पे न गाठल्यास आपोआप रद्द होणारी. आणि पैसा उभा राहिल्याचा पुरावा हाती येईपर्यंत एकाही घराला हात लावू नये. न्यू लंडनमध्ये क्रम नेमका उलटा होता.

१२/ हे अमेरिकेचेच दुखणे समजू नका. सरकारची सक्ती आणि कंपनीचा प्रकल्प ही जोडी महाराष्ट्राला १९२१ पासून ठाऊक आहे. मुळशीत टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मावळ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. तिथे धरण तरी उभे राहिले.

१३/ बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आपल्या केंद्रीय कायद्यात यायला २०१३ उजाडले : खासगी कंपनीसाठी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के. अमेरिकेतही केलो निकालानंतर चाळीसहून अधिक राज्यांनी आपले कायदे बदलले. दोन्हीकडे शहाणपण आले ते उजाड झालेल्यांच्या खर्चाने.

१४/ सुझेट केलो यांचे लहानसे गुलाबी घर सुटे करून २००८ मध्ये शहरात दुसरीकडे पुन्हा उभारले गेले. लोक त्याचे छायाचित्र काढतात. मला वाटते, त्याहून मोठे स्मारक म्हणजे जानेवारी २००० मधील त्या सभेचा ठराव.

१५/ नगरपरिषदेच्या हाती खरी ताकद एकच असते : नकार देण्याची. एकाधिकाराचा करार तीच विकत घेतो, बहुधा फुकटात. तुमच्या शहरात 'एकच विकासक, संपूर्ण परिसर' असा प्रस्ताव येईल तेव्हा रंगीत चित्रे बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा : मुदत किती, अनामत किती, आणि काम फसल्यास जमीन परत कोणाकडे. उत्तरे नसतील तर सभेत उठून विचारा. ठरावावर सह्या झाल्यानंतर विचारणाऱ्याला इतिहासकार म्हणतात. त्याआधी विचारणाऱ्याला नागरिक.