आरशाचा पडदा आणि रंगाचा पडदा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील युरोपीय रंगभूमीचा विषय निघाला, की आपल्याकडील काही विद्वान नाक मुरडतात. नाटकापूर्वी प्रेक्षकांसमोर असणारे ते चित्रमय दर्शनी पडदे म्हणजे निव्वळ श्रीमंती थाट, असे त्यांचे मत. ते वाखाणतात एकच : लंडनच्या कोबर्ग थिएटरचा आरशांचा पडदा. प्रेक्षक स्वतःलाच पाहावयास येतो, हे सत्य म्हणे त्याने उघड केले!

हा पडदा होता तरी कसा? सोनेरी चौकटीत ६३ आरसे, वजन सुमारे पाच टन, साल १८२१. त्या काळी प्रेक्षागृहातील दिवे मालवीत नसत; त्यामुळे अवघी गर्दी काचेत उमटे. आपला पोशाख आणि शेजाऱ्याचे तोंड पाहून झाले, की त्या काचेजवळ सांगण्यासारखे काही उरत नसे. पुढे छताला भार पेलवेना, म्हणून तो काढावा लागला. कोबर्गवाल्यांची अडचणही खरी होती. गंभीर संवादनाटके करण्याचा परवाना लंडनमध्ये मोजक्याच नाट्यगृहांना होता. ही मक्तेदारी मोडणारा कायदा १८४३ साली आला. गर्दी खेचण्यास नवल दाखविणे त्यांना भागच होते. माझा राग त्यांच्यावर नाही. एका युक्तीला तत्त्वज्ञान ठरविणाऱ्यांवर आहे.

त्याच वर्षी २६ मे रोजी बर्लिनमध्ये शिंकेल या वास्तुशिल्पीचे शाउश्पीलहाउस उघडले. त्या रात्री मंचावरील मागच्या पडद्यावर (तो दर्शनी नव्हे, हे मान्य) शिंकेलच्याच कल्पनेनुसार ते नवे नाट्यगृह आणि दोन्ही बाजूंची घुमटांची चर्चे रंगविलेली होती. येथेही लोकांना आपलेच दर्शन घडले. पण ते स्वतःच्या टोपीचे नव्हे, सर्वांच्या नगराचे!

नेपल्सच्या सान कार्लोचा दर्शनी पडदा जुझेप्पे मान्चिनेल्लीने १८५४ साली रंगविला. होमर, कलादेवता, कवी आणि संगीतकार यांचा मेळा त्यावर आहे. नाट्यगृह राजाचे होते, थाटही होता, कोण नाकारतो? पण दिवसभर हिशेबाच्या वहीत मान घालून आलेला मनुष्य, पडदा वर जाईपर्यंत, आपल्याहून थोर अशा कुणाकडे तरी पाहत बसे. आरशाने त्याला ही संधी कधी दिली?

कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी आपल्या नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले. त्यांचे कौतुक करताना हेच विद्वान मुळीच हात आखडत नाहीत. मग नेपल्सच्या पडद्याने असे कोणते पाप केले?