कमानीला पैसे आहेत, बाईंना नव्हते

परवा आमच्या भागातल्या एका अंगणवाडीबाईंची शोकसभा झाली. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. आणि खरं सांगू का, डोळखांबपासून धसईपर्यंत कुठल्याही पाड्यावर जा, नाव बदलेल, गोष्ट तीच राहील.

भाषणं झाली. पुढारी मंडळी तासभर उशिरा आली, पण आली. प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, ‘निःस्वार्थ सेवा’. एक जण म्हणाले, "बाईंनी आयुष्यभर पैशाकडे पाहिलं नाही." माझ्या मागे बाईंची सून बसली होती. ती हळूच म्हणाली, "बघायला होता कुठं?"

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वाचा.

मी त्याच बाईंच्या अंगणवाडीत बसलोय. झाडाच्या फांदीला वजनकाटा टांगून त्या आम्हाला झोळीत तोलायच्या. पावसात ओहोळ भरला की पलीकडच्या पाड्यावरची पोरं स्वतः आणायला जायच्या, एक कडेवर, एक हाताला. ज्या शहापूर तालुक्यातून तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं, त्याच तालुक्यात बाई उन्हाळ्यात खिचडीसाठी हंडा डोक्यावरून आणायच्या. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं तरी बाई, लस द्यायला सिस्टर आल्या की घरोघर हाक मारायला तरी बाई. रात्री कंदिलाच्या उजेडात रजिस्टरं भरायची, ती वेगळीच. शेवटी शेवटी मोबाईल आला, ॲप आलं आणि रेंज शोधत टेकाडावर चढणं आलं.

हे सगळं त्यांनी मनापासून केलं. यात शंका नाही. माझं भांडण त्यांच्या सेवाभावाशी नाही. तो सेवाभाव पुढे करून बिल बुडवणाऱ्यांशी आहे.

आता जरा मागे जाऊ. ‘अंगणवाडी’ हा शब्द दिल्लीतून आलेला नाही. तो आपल्या जिल्ह्यातला आहे. पालघर २०१४ ला वेगळं झालं, त्याआधी बोर्डी आणि कोसबाड आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पुढे शिक्षिकेची नोकरी करत, रात्रशाळेत शिकत त्या मॅट्रिक झाल्या. अशी बाई पुणं सोडून आदिवासी पाड्यांवर आली आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत याच कामात राहिली.

आदिवासींची पोरं बालवाडीत येईनात. या दोघींनी पोरांना दोष दिला नाही. पोरं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, म्हणाल्या. ती अंगणवाडी. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा कुरणावर गेली. ती कुरणशाळा. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी-गोष्टी. शिकवायचं साहित्य म्हणजे पाड्यावरचेच दगड, बिया, पानं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

शब्द गेला. पण सोबत काय गेलं? सरकारने नाव उचललं, त्यागही उचलला आणि त्याला नाव दिलं ‘मानधन’. म्हणजे पगार नाही, कारण त्या नोकर नाहीत. त्या ‘मानसेवी’. केंद्राने आपला वाटा २०१८ मध्ये तीन हजारांवरून साडेचार हजार केला. महिन्याचे, बरं का. राज्यात सगळं मिळून सेविकेला २०२३ च्या वाढीआधी ८,३२५ रुपये मिळत होते, ते दहा हजार झाले. मदतनिसांचे ४,४२५ चे ५,५००. २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आणखी वाढ जाहीर झाली, नाही म्हणत नाही. पण यातलं काही कुणी आपणहून दिलेलं नाही. त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये संप झाला. पुन्हा ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारीअखेरपर्यंत, पन्नासहून जास्त दिवस, बाया रस्त्यावर होत्या. त्या वेळी आपल्यातलेच किती जण म्हणत होते, "पोरांचे हाल करतात या." पोरांचे हाल इतकी वर्षं कुणी थांबवले होते, ते मात्र कुणाला आठवलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू होते. हे मानधन म्हणजे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, हेही सांगितलं. न्यायालयाला दिसलं ते आमच्या शोकसभेतल्या एकाही वक्त्याला दिसलं नाही.

आता मला ठरलेला प्रश्न येणार. "अनुताईंनी कधी पगारासाठी संप केला का?"

अहो, अनुताईंनी आपल्या आयुष्याचं काय करायचं ते स्वतः ठरवलं. त्याग स्वतःचा करायचा असतो. दुसऱ्याच्या चुलीवरून उचलून आणायचा नसतो. आमच्या बाई पदरात तीन पोरं असताना या कामाला लागल्या. त्यांना घर चालवायचं होतं. दुपारनंतर लोकांच्या शेतावर जायच्या, ते काही हौस म्हणून नाही. आणि सेवेला पैसा शोभत नाही म्हणता, तर जनसेवेसाठी राजकारणात आलेल्या माजी आमदारांना पेन्शन कशी शोभते? आमच्या बाईंना पेन्शन नव्हती. शेवटच्या दोन वर्षांत औषधाला पैसे लागले ते लेकाने उसने आणले.

शोकसभेच्या शेवटी घोषणा झाली की पाड्याच्या तोंडाशी बाईंच्या नावाची कमान उभारायची. टाळ्या वाजल्या. मी नाही वाजवल्या.

कमानीपासून दोनशे पावलांवर बाईंची अंगणवाडी आहे. छत गळतं. नळ आहे, पाणी नाही. दिवाळी झाली की निम्मी कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात आणि हजेरीत पोरांच्या नावापुढे नुसती रेघ येते. अनुताई असत्या तर अंगणवाडी भट्टीवर गेली असती. आपल्याच जिल्ह्यात भट्टीवरच्या पोरांसाठी भोंगाशाळा चालल्या आहेत, म्हणजे हे अशक्य नाही. पण त्यासाठी बाईंना माणूसबळ लागतं, पैसा लागतो. नुसता हार पुरत नाही.

शहापूर तालुका पेसात आहे. पेसा गावांना पाच टक्के अबंध निधी येतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. म्हणून येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, या निधीतून आधी अंगणवाडीचं छत आणि पाणी. दोन, भट्टीवर जाणाऱ्या पोरांची यादी जाण्याआधी करायची आणि ती जातील तिथल्या अंगणवाडीत त्यांची नावं चढेपर्यंत पाठपुरावा करायचा. तीन, सेविका-मदतनिसांना नियमित वेतन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन मिळावी असा ठराव करून आमदार-खासदारांना पाठवायचा आणि उत्तर मागायचं. मुरबाडकरांनो, तुमच्याकडेही हा ठराव होऊ शकतो. पेसात नसलेल्या गावांनाही ठराव करायला कुणाची बंदी नाही.

बाईंच्या जागी आता नवी मुलगी येईल. बहुतेक बारावी झालेली, कडेवर लहान मूल असलेली. तिलाही आपण ‘निःस्वार्थ’ म्हणायच्या तयारीत आहोत.

कमानीचा ठराव मांडणाऱ्यांनी ग्रामसभेला जरूर यावं. आधी छताचा विषय घेऊ. मग कमानीचं बघू.