डोहाळजेवणाला काय न्यावे? उत्तर त्या शब्दातच आहे

बाळासाठी एकसारख्या सेटांचा ढीग, आईसाठी मात्र काहीच नाही. भेट उपयोगीही हवी आणि जिव्हाळ्याचीही, तर ती निवडायची कशी?

सोहळा संपतो, फुलांची वाडी उतरते, पाहुणे घरी जातात आणि पलंगावर भेटवस्तूंचा ढीग उरतो. उघडून पाहिले तर चार बेबी सेट एकसारखे, चारही शून्य ते तीन महिन्यांच्या मापाचे. दोन लोकरीचे स्वेटर, आणि बाळ येणार एप्रिलच्या अखेरीस. एक बॅटरीवरचे खेळणे, ज्याच्या खोक्यावर 'तीन वर्षांपुढील मुलांसाठी' असे छापलेले. एक फोटोफ्रेम. तिच्यासाठी म्हणावे असे ओटीत आलेले ब्लाऊजपीस तेवढे, आणि तेही पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या कुणाच्या ओटीत जाणार.

हे चित्र अनेक मराठी घरांना ओळखीचे आहे. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पैसेही कमी खर्च होत नाहीत. तरी भेट कपाटात जाते. कारण निवडताना दुकानात काय गोड दिसते ते पाहिले जाते. त्या घरात पुढच्या सहा महिन्यांत काय घडणार आहे, याचा विचार राहून जातो. शिवाय उपयोगी भेट म्हणजे कोरडी आणि भावनेची भेट म्हणजे शोभेची, असा एक समज झाला आहे. तो सोडला तर निवड बरीच सोपी होते.

डोहाळजेवण नेमके कोणाचे?

'डोहाळा' हा शब्द संस्कृत 'दोहद'शी जोडलेला आहे. सुश्रुतसंहितेत गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हटले आहे, म्हणजे जिच्यात दोन हृदये आहेत ती. तिला जे हवेसे वाटेल ते द्यावे, असेही तिथे सांगितले आहे. डोहाळजेवण म्हणजे हेच. साधारण सातव्या महिन्यात तिला आवडीचे खाऊ घालायचे, हिरवी साडी, हिरवा चुडा, झोपाळ्यावर बसवून कौतुक करायचे, ओटी भरायची. या सगळ्याच्या मध्यभागी ती असते.

बाळाला देण्याची वेळ परंपरेने नंतरची, बारशाची. त्यासाठी बाळंतविडा असतो: झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, कुंची आणि सोबत बाळंतिणीसाठी डिंकाचे, अळिवाचे लाडू. म्हणजे दोन प्रसंग आणि दोन वेगळ्या भेटी, अशी ही नीट लावलेली व्यवस्था होती.

अमेरिकेतला बेबी शॉवर हा मुळात बाळाच्या सामानाचा समारंभ. तिथे होणारे आईवडील काय हवे त्याची यादी आधीच देतात आणि पाहुणे त्यातले एकेक उचलतात. आपल्याकडे फुगे, केक आणि नाव आले; यादी मात्र आली नाही. मागणे बरे दिसत नाही, हा संकोच कायम राहिला. त्यामुळे भेटी बाळासाठी येऊ लागल्या, पण काय हवे हे कोणी कोणाला सांगेना.

'जन्माआधी खरेदी नको' असे का म्हणतात?

अनेक घरांत आजही बाळ हातात येईपर्यंत त्याचे कपडे आणत नाहीत. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण १९७१ मध्ये देशात दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. २०२० पर्यंत हे प्रमाण २८ वर आले. ज्या आजीने हे दिवस पाहिले, तिच्या 'आधी नको' या शब्दांत एका बाईला भरलेल्या पाळण्यासमोर रडावे लागू नये, एवढीच काळजी असते.

आजही ज्या जोडप्याने आधी एखादे बाळ गमावले आहे, त्यांच्यासाठी कपड्यांनी भरलेले कपाट रोजची धास्ती ठरू शकते. म्हणून जुनाच क्रम शहाणपणाचा वाटतो: डोहाळजेवणाला आईसाठी आणि बारशाला बाळासाठी.

आईला खरोखर काय लागते?

सातव्या महिन्यापासून कुशीवर झोपायला आधार लागतो, तेव्हा लांब उशी किंवा लोड कामी येतो. पाय सुजतात, वाकता येत नाही, त्यामुळे पाय सहज सरकवता येतील अशा सपाट चपला लागतात. बाळ अंगावर पिऊ लागले की समोरून उघडणारे सुती गाऊन दोन नव्हे, पाच-सहा लागतात. रात्री तीन वाजता बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला एका हाताने उघडता येणारी पाण्याची बाटली जेवढी हवीशी वाटते, तेवढी दुसरी कुठलीच वस्तू वाटत नाही.

आणखी एक साधी वस्तू म्हणजे कागदपत्रांची कापडी फाइल. सोनोग्राफीचे अहवाल, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि पुढे लसीकरणाचे कार्ड. सरकारी वेळापत्रकानुसार जन्मानंतर लगेच, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी आणि नऊ महिन्यांनी लशी असतात. एवढ्या फेऱ्यांत कार्ड सापडले नाही असे व्हायला वेळ लागत नाही. २०२३ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मदाखला हाच पुरावा आहे. तोही याच फाइलमध्ये राहील.

लोखंडी कढई ही भेट ऐकायला विचित्र वाटेल. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. लोखंडी भांड्यात, विशेषतः आंबट पदार्थ शिजवल्यास, अन्नात लोह उतरते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची जागा ती घेणार नाही. मात्र घरात वीस वर्षे टिकेल.

बाळासाठीच द्यायचे असेल तर?

मग थोडा हिशेब करावा. निरोगी बाळाचे वजन साधारण पाच महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होते. शून्य ते तीन महिन्यांचे झबले काही आठवड्यांत आखूड होते. म्हणून सहा ते बारा महिन्यांचे माप घ्यावे, आणि ऋतू मोजावा. डोहाळजेवण नोव्हेंबरात असेल तर बाळ साधारण जानेवारीच्या अखेरीस येईल आणि सहा महिन्यांचे होईल ऐन श्रावणात. मुंबई-कोकणात तेव्हा कपडे वाळत नाहीत. अशा वेळी रेशमी फ्रॉकपेक्षा पातळ, पटकन वाळणारे दोन डझन लंगोट ती आई जन्मभर लक्षात ठेवेल.

काय टाळावे?

दुधाची बाटली. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. भारतात १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यावर बंदी आहे. कंपन्यांना मातांना नमुने वा भेटी देता येत नाहीत. नातलगांच्या भेटीला हा कायदा लागू होत नाही, पण बाटलीची गरज ठरवण्याचे काम डॉक्टरांवर सोडलेले बरे.

उशी आणि मऊ खेळणी. पहिल्या वर्षात बाळाच्या झोपण्याच्या जागी उशी, जाड पांघरूण, टेडी असे काही ठेवू नये, बाळाला पाठीवर झोपवावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. श्वास कोंडण्याचा धोका असतो. डोक्याला गोल आकार यावा म्हणून दिली जाणारी राईची उशीही त्यातच आली.

वॉकर. चाकांच्या वॉकरवर कॅनडाने २००४ मध्ये बंदी घातली. त्याने बाळ लवकर चालत नाही. जिन्यावरून पडण्याची शक्यता मात्र वाढते.

काजळाची डबी. काही काजळांत शिसे आढळते. तीट लावायचीच तर ती डोळ्यांपासून लांब.

आणि मुलगा-मुलगी सुचवणारी भेट. गर्भलिंगनिदानावर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. 'पेढा की बर्फी' हा खेळ हसण्यावारी जातो. पण जिला आधी एक मुलगी आहे आणि जिच्या वाटीत बर्फी निघाल्यावर खोलीत क्षणभर शांतता पसरते, तिला तो खेळ वाटत नाही. 'आता कृष्ण येऊ दे' असे लिहिलेले भेटकार्ड तिच्या हाती देऊ नये. हिरवा रंग आहेच डोहाळजेवणाचा. तो दोघांनाही चालतो.

जुनी साडी: एकाच वेळी उपयोगी आणि जिव्हाळ्याची

जन्मलेल्या बाळाला आधी जुन्या, मऊ कापडात गुंडाळायचे, ही पद्धत अनेक घरांत आहे. शेकडो धुण्यांनी सुती कापड मऊ होते आणि पाणी शोषते. नव्या कापडाला ते लगेच जमत नाही. गोधडी आणि दुपटे यांचे सगळे शास्त्र एवढेच आहे.

एका सहावारी सुती साडीतून मीटरभराचे पाच तुकडे निघतात. दोन-दोन तुकडे एकत्र शिवले तर दोन दुहेरी दुपटी होतात आणि उरलेल्या पाचव्यात लंगोट. साडी सुतीच हवी. जर आणि काठ उसवून टाकावेत, कारण ते अंगाला टोचतात. कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. सुटे धागे कापावेत. लोंबता धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. जाड गोधडी पहिल्या वर्षात पांघरायला वापरू नये. बाळ जागे असताना जमिनीवर खेळवायला ती अंथरावी. शिवता येत नसेल तर गोधडी शिवून देणारे महिला बचत गट अनेक गावांत आहेत.

साडी कोणाची, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. अजूनही बऱ्याच घरांत विधवा आजीला, मूल नसलेल्या मावशीला ओटी भरायला पुढे बोलावत नाहीत. त्या स्वयंपाकघरात वाढण्याचे काम पाहत राहतात. त्यांना ओटी भरू द्यावी, हे तर झालेच. पण त्याआधी कोणीतरी त्यांच्याकडे एक जुनी साडी मागावी. ते दुपटे बाळाच्या अंगाला लागेल तेव्हा ज्यांना बाजूला ठेवले होते, त्यांचाच स्पर्श सगळ्यात आधी पोहोचलेला असेल.

वस्तूच द्यायला हवी का?

नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. पण ती संघटित नोकरीतल्या बाईची. वडिलांची स्थिती आणखी बिकट: केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीत ते मालकाच्या मर्जीवर. माहेर लांब, सासूबाईंचे गुडघे दुखतात, अशा घरात सव्वा महिना कसा जातो, हे ज्यांनी भोगले त्यांनाच माहीत.

तिथे मैत्रिणींनी मिळून करता येण्यासारखे खूप आहे. आठ जणींनी वर्गणी काढून महिनाभर मालिशवाल्या मावशींचे पैसे भरावेत. किंवा वार वाटून घ्यावेत: सोमवारचा डबा एकीचा, गुरुवारचा दुसरीचा. किंवा मोठ्या मुलीला शाळेतून आणण्याची जबाबदारी कोणी घ्यावी. हे एका कागदावर नावांसह लिहून ओटीत घालावे. 'काही लागले तर सांग' असे सगळेच म्हणतात, आणि ती कधीच सांगत नाही. वार आणि वेळ लिहिलेली असली की तिला मागावे लागत नाही.

मग पाकीट वाईट का?

पैसे ही सगळ्यात उपयोगी भेट, असे म्हणणाऱ्यांचे चूक नाही. दवाखान्याचे बिल दुपट्याने भरत नाही. अडचण एवढीच, की पाचशे एकाचे पाकीट बहुतेक घरांत वहीत नोंदले जाते आणि घरखर्चात मिसळते. द्यायचेच तर तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात द्यावे आणि सोबत दोन ओळी लिहाव्यात: हे तुझ्यासाठी, हिशेब देऊ नकोस. तेवढ्याने ते पाकीट तिचे होते.

निवड अजूनही अवघड वाटत असेल तर डोहाळे पुरवण्याची जुनी रीत आठवावी. तिला काय खावेसे वाटते, हे कोणी मनाने ठरवत नसे. चिंच, आवळा की पुरणपोळी, हे तिलाच विचारत. भेटीबाबतही सोहळ्याच्या आठ दिवस आधी एक फोन करावा आणि विचारावे, 'तुला काय हवे आहे?' ती पहिल्यांदा 'काही नको' म्हणेल. दुसऱ्यांदा विचारावे.