कॅमेरा येईपर्यंत आजी थांबेल काय?

चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली या पट्ट्यात आज सिनेमा करू पाहणारी आपली पोरे पुष्कळ आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथला दलित, आदिवासी किंवा ओबीसी तरुण 'मी दिग्दर्शक होणार' असे म्हणाला असता, तर घरच्यांनीच त्याला वेड्यात काढले असते. आज तो म्हणतो आणि घरचे ऐकून घेतात. पण त्याच्याशी अर्धा तास बोलत बसा. पहिली पंधरा मिनिटे कॅमेऱ्यात जातात. बॉडी कोणती, लेन्स कोणती, फोर-के पुरेल की सिक्स-के घ्यावा, गिंबल कोणता, ड्रोन कोणता! पुढची दहा मिनिटे पैशांत जातात. उरलेल्या पाच मिनिटांत आपण विचारावे, की बाबा रे, गोष्ट काय आहे? तर उत्तर येते, 'सर, ती आहे डोक्यात. एकदा सेटअप झाला की सुरूच करतो.'

सेटअप काही होत नाही. झाला तरी सहा महिन्यांत नवे मॉडेल येते आणि कालपर्यंत स्वप्नातला असलेला कॅमेरा आज जुना ठरतो. मग तो विकायचा, कर्ज काढायचे, लग्नांच्या शूटिंगा करून हप्ते फेडायचे. हप्ते फिटेपर्यंत डोक्यातली गोष्ट विरून जाते. असे किती तरुण या दोन जिल्ह्यांत आहेत, ते प्रत्येकाने आपापल्या गावात मोजून पाहावे.

हा केवळ हौसेचा प्रश्न असता तर त्यावर वर्तमानपत्राची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. पण इथे काळ वाया जात नाही, माणसे जात आहेत. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेब चंद्रपूरला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सोहळ्यात या जंगलपट्ट्यातल्या समाजाने बुद्धाचा धम्म स्वीकारला. २०२६ साली त्या घटनेला ७० वर्षे होतात. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल २०२६ मध्ये ऐंशीचे होते. जे तेव्हा वीस वर्षांचे होते, ज्यांनी समजून-उमजून ती प्रतिज्ञा घेतली, ते नव्वदीचे. असे किती जण उरले असतील? कोणत्या गावाहून ते कसे आले, सोबत भाकरी काय होती, घरी परतल्यावर देव्हाऱ्याचे काय केले, गावातल्या सवर्णांनी दुसऱ्या दिवशी कामावर घेतले की नाही, हे सारे एका पिढीच्या तोंडी आहे. ती पिढी दर हिवाळ्यात थोडी थोडी संपते आहे. आणि तिचा नातू गिंबलच्या किमती पाहत बसला आहे.

आता या पोरांना नुसते उधळे म्हणून झोडपणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. आपल्या मुलाला कॅमेऱ्याचा एवढा सोस का लागतो, याची मुळे बाजारात आहेत तशी ती जातीतही आहेत. ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तके, नाटके, गाणे आहे, तो जुन्या फोनवर काहीतरी चित्रित करून बिनदिक्कत लोकांपुढे ठेवतो. लोकही त्याला 'प्रयोग' म्हणतात. आपल्या पोराला मात्र पक्के ठाऊक असते, की आपले चित्र किंचित हलले, आवाज किंचित फाटला, तर 'यांना येत नाही' असा शेरा बसेल. म्हणून तो आधी हत्यार मिळवू पाहतो. महागडा कॅमेरा हा त्याच्या लेखी परवाना आहे. 'मलाही इथे उभे राहण्याचा हक्क आहे' असे सांगणारा कागद. हजारो वर्षे ज्याला अपात्र ठरवले, त्याला पात्रतेची ही भूक लागणारच. दुकानदाराने ती ओळखली आहे आणि तो हप्त्यांवर परवाने विकतो आहे.

पण हा परवाना देणारे कार्यालयच अस्तित्वात नाही, हे आपल्याच मातीतला माणूस सांगू शकतो. वडशाला जा. दिवाळीनंतर होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटके चालतात. गावची मंडई, शंकरपट आणि त्या रात्री नाटक. त्याची तालीम, पडदे, वाद्ये, नट, सगळ्याची बाजारपेठ वडसा. शेतकरी, मजूर, मास्तर हे तिथले नट. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी या रंगभूमीवर हजारो प्रयोग केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेक नाट्यरसिकांना झाडीपट्टी हा शब्द प्रथम कळला असावा! सगळीच नाटके चांगली असतात असे नाही. रडारड फार, योगायोग फार, आणि आता पोस्टरवर सिनेनटांचे चेहरे लावून गर्दी ओढण्याचा प्रकारही वाढला आहे. तरीही उघड्यावर, थंडीत, चादरी पांघरून बसलेल्या माणसाला पहाटेपर्यंत जागे कसे ठेवायचे, हे ज्याला साधले त्याला गोष्ट सांगता येते. आपल्या सिनेमावाल्या तरुणाने एक हंगाम झाडीपट्टीत पडद्यामागे काढावा. संवाद कुठे पडतो, प्रेक्षक कुठे लघवीला उठतो, बाया कुठे डोळ्यांना पदर लावतात, हे कोणतेही कॅमेऱ्याचे माहितीपत्रक शिकवत नाही.

मालेगावचे उदाहरण आता सर्वांना माहीत झाले आहे. नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने यंत्रमागावर राबणाऱ्या मित्रांना घेऊन २००० साली 'मालेगाव के शोले' केला. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. पुढे त्यांच्यावर फैजा अहमद खान यांचा माहितीपट झाला आणि २०२५ मध्ये हिंदी सिनेमाही आला. मात्र या कथेतून लोक चुकीचा धडा घेतात. 'बघा, काही नसतानाही केले' असे म्हणून टाळ्या वाजवतात. मालेगावकरांची खरी संपत्ती ही होती, की कोणत्या विनोदाला आपल्या गल्लीत हशा पिकतो हे त्यांना नेमके ठाऊक होते.

नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' केला तेव्हा ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, विद्यार्थी होते. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाची ती छोटी फिल्म राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली. 'फँड्री'तला जब्या म्हणून त्यांनी अभिनयाचा गंध नसलेल्या सोमनाथ अवघडेला उभे केले. तो चेहरा निवडायला भिंग लागले नाही, आयुष्य लागले. आणि आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' आठवा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. पटवर्धन आपल्या वस्तीत जन्मलेले नव्हेत, पण पुढची चौदा वर्षे ते त्याच वस्त्यांत, त्याच शाहिरांकडे परत परत जात राहिले. चौदा वर्षांत कॅमेऱ्यांच्या किती पिढ्या बदलल्या असतील! प्रेक्षकाला आज त्यातले काय आठवते? गाणे आठवते, आईचा चेहरा आठवतो.

आता आपल्याच जंगलात या. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पहाटे उभे राहून पाहा. एकेका जिप्सीत लाखो रुपयांच्या लेन्सा असतात, हातभर लांबीच्या. त्या सगळ्या वाघाकडे रोखलेल्या. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. तेंदूच्या एका पुडक्यात ७० पाने लागतात. ती पाने जुळवण्यासाठी बाई अंधारात घर सोडते, खाली वाकून काम करते, आणि पारा ४५ च्या पुढे जाण्याआधी परतू पाहते. तिच्यावर किती लेन्सा रोखल्या गेल्या? देशात वन्यजीव चित्रीकरणाची एवढी यंत्रसामग्री क्वचितच कुठे जमत असेल, आणि तिथेच जंगलात राबणारी बाई चौकटीबाहेर आहे. कुठे उभे राहायचे ते ठरलेले नसेल, तर सर्वांत भारी लेन्स तुम्हाला फक्त वाघच दाखवील.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की मग गरिबांच्या पोरांनी फोनवरच समाधान मानावे काय? मुळीच नाही. 'तुमच्याकडे प्रतिभा आहे, तुम्हाला साधने कशाला?' ही भाषा आपण एकलव्याच्या काळापासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेच्या शॉन बेकर यांनी २०१५ साली 'टँजरीन' हा चित्रपट आयफोनवर केला म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. पण पुढे 'अनोरा' त्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केला आणि २०२५ मध्ये त्याच चित्रपटासाठी चार ऑस्कर घेतले. हाती होते त्यावर त्यांनी काम केले, मिळाले तेव्हा चांगले साधन वापरले. बाबासाहेबांनीही हेच केले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा छापखाना नव्हता, 'केसरी' तर पैसे देऊनही जाहिरात छापायला तयार नव्हता. छापखान्यासाठी ते थांबले नाहीत. पण छापखाना नकोच असेही म्हणाले नाहीत. पुढे चळवळीचा भारत भूषण छापखाना उभा राहिलाच.

आणि साधन दुसऱ्याच्या हाती राहिले तर काय होते, तेही पाहावे. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'च्या दलित स्त्री पत्रकार मोबाईलवर बातम्या करतात. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. तेव्हा त्याच स्त्रियांनी जाहीर निवेदन काढून सांगितले, की आमच्या कामाचे हे चित्र अपुरे आहे.

म्हणून प्रत्येक पोराने कर्ज काढून एकेक कॅमेरा घेण्यापेक्षा तालुक्याच्या एका विहारात सामाईक संच असावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जे उडते, त्यातून दोन बरे कॉलर-माईक, एक तिपाई, एक हार्ड डिस्क आणि एक साधा कॅमेरा येऊ शकतो. पहिला पैसा आवाजावर खर्च करा. चित्र थोडे पुसट असले तरी माणूस पाहतो, शब्द कळला नाही की उठून जातो. हार्ड डिस्क दोन घ्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा.

आणि कॅमेरा येईपर्यंत खिशातला फोन आहेच. ऑक्टोबरमध्ये १५ आणि १६ तारखेला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गर्दी जमते. तिच्यात ऐंशीपुढचे कोण आहेत ते विचारा, गाव लिहून घ्या, आणि पुढच्याच आठवड्यात त्या गावी जा. मुलाखत सकाळी सातला ठेवा. पंख्याची घरघर माईकमध्ये येते, तो बंद करावा लागतो, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी पंखा बंद करून आजीला तासभर बसवणे बरे नव्हे.